रविवारचे हवापाणी

वेधशाळेची थट्टा करायला आपल्याकडे कोणाची परवानगी लागत नाही. जावयाची थट्टा करताना सासूच्या चेहऱ्याकडे पाहावे लागते, हेडमास्तरांची थट्टा करताना दाराकडे पाहावे लागते. वेधशाळेला मात्र कोणीही यावे आणि टपली मारून जावे. "आज पाऊस सांगितलाय, तेव्हा छत्री घरीच ठेवा," हा विनोद मी परकर नेसत होते तेव्हापासून ऐकत आले आहे आणि तो ऐकून न हसलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही. गंमत अशी, की पंचांगाच्या वाट्याला हे कधी येत नाही. नक्षत्राचे वाहन हत्ती, बेडूक किंवा म्हैस असले की अंगण भरून पाऊस, आणि कोल्हा किंवा मेंढा असला की नावापुरता, असा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब. हत्तीच्या नक्षत्रात थेंब पडला नाही तर आपण म्हणतो, "यंदा हत्ती रुसला." वेधशाळेचे चुकले तर मात्र ती रुसली असे कोणी म्हणत नाही!

माझे माहेर तासगावचे. घरात द्राक्षांची बाग आणि ओसरीवर रेडिओ. संध्याकाळच्या बातम्या झाल्या की हवामानाचा अंदाज लागे आणि त्या दोन मिनिटांत घरातल्या कोणी 'हूं' की 'चूं' करायचे नाही, असा आईचा दंडक होता. वडिलांना बागेची चिंता आणि आईला वाळवणाची. चैत्र-वैशाखात गच्चीवर कुरडया, सांडगे, पापड पसरलेले असत. आणि वळवाचा पाऊस हा असा पाहुणा, की यायच्या आधी पत्र म्हणून टाकत नाही. "मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी पाऊस पडण्याची शक्यता आहे," असे निवेदक म्हणाला की आई रेडिओकडे डोळे बारीक करून बघे आणि विचारी, "आपण तुरळकात येतो का हो?"

या प्रश्नाला वडिलांकडे उत्तर नव्हते. खरे म्हणजे ते कोणाकडेच नव्हते. पुष्कळ वर्षांनी मला कळले, की तुरळक, काही, बऱ्याच आणि बहुतेक ठिकाणी हे शब्द निवेदकाच्या लहरीवर ठरत नाहीत. एखाद्या विभागातल्या पर्जन्यमापकांपैकी शेकडा २५ पर्यंत ठिकाणी पाऊस अपेक्षित असेल तर 'तुरळक', २६ ते ५० असेल तर 'काही', ५१ ते ७५ असेल तर 'बऱ्याच', आणि त्याहून अधिक असेल तर 'बहुतेक'. म्हणजे तो माणूस मोजूनमापून बोलत होता. आम्हीच त्याचे बोलणे मोघम समजत होतो.

लग्न होऊन मी पुण्याला आले आणि योगायोग असा, की वेधशाळा शेजारीच भेटली. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला सगळे पुणे 'शिमला ऑफिस' म्हणते. सासरी आल्याआल्या मला वाटले, इथे शिमल्याची सफरचंदे मिळत असावीत. पुढे इतिहास समजला. भारताचे हवामान खाते १८७५ साली निघाले, त्याचे ठाणे आधी कलकत्त्याला होते, मग शिमल्याला गेले, आणि १९२८ साली ते पुण्यास आले. १९४४ मध्ये मुख्य कचेरी दिल्लीला गेली, पण पुणेकरांनी नाव काही सोडले नाही. ज्या गावात आयुष्यात कधी बर्फ पडला नाही, त्या गावाच्या बसथांब्याचे नाव शिमला ऑफिस!

पण हवामान सांगणाऱ्या माणसाचा चेहरा मी खऱ्या अर्थाने पाहिला तो परदेशात. २०१२ साली मुलीच्या बाळंतपणासाठी मी इंग्लंडात रेडिंगला सहा महिने होते. मी पोहोचले तेव्हा दक्षिण इंग्लंडात पाणीटंचाई जाहीर झाली होती आणि बागेला नळीने पाणी घालायला बंदी होती. मी मनात म्हटले, चला, दुष्काळ पाहायला एवढ्या लांब यायला नको होते. आणि मग जो पाऊस लागला! तो एप्रिल त्यांच्या शंभर वर्षांच्या नोंदींतला सर्वांत ओला ठरला. जूनच्या ३ तारखेला, रविवारी, राणीच्या साठ वर्षांच्या राज्यारोहणाचा सोहळा टेम्स नदीत हजार नावांनिशी निघाला, तोसुद्धा धो धो पावसात.

त्या ओल्या उन्हाळ्यात रविवारची संध्याकाळ म्हणजे आमच्या घरचे एक व्रतच होऊन बसले. बी.बी.सी.वर 'कंट्रीफाइल' नावाचा खेड्यापाड्यांचा कार्यक्रम लागतो. मेंढ्या, कुरणे, कुंपणे, दुधाचे भाव असे सगळे त्यात असते. आणि त्यातच तेव्हा येणाऱ्या संपूर्ण आठवड्याचे हवामान सांगत. दोन वाक्यांत उरकत नसत, चांगले ऐसपैस सांगत. शेजारच्या आजीबाई कधी कधी आमच्याकडेच येऊन बसत. त्यांना ना शेत, ना मेंढी. पण कपडे कोणत्या दिवशी धुवायचे, हे त्या रविवारी ठरवीत. मला त्यांच्यात आमची आई दिसे. वाळवण तेच, फक्त कुरडयांच्या जागी चादरी.

जावई म्हणाले, "आई, या कार्यक्रमाला इतिहास आहे बरं का." आणि तो आहेच. बी.बी.सी.ने हवामानाचा नकाशा पहिल्यांदा पडद्यावर दाखवला तो १९३६ साली. युद्धाच्या काळात हवामान हे लष्करी गुपित ठरले आणि जाहीर अंदाज बंद झाले. शत्रूच्या विमानांना आपले आभाळ कशाला सांगायचे? मग ११ जानेवारी १९५४ च्या संध्याकाळी जॉर्ज कौलिंग नावाचे हवामान खात्यातले एक गृहस्थ प्रथमच कॅमेऱ्यासमोर स्वतः उभे राहिले. तिकाटण्यावर नकाशा, हातात कोळशाची कांडी आणि वेळ पाच मिनिटे. उद्या वारा आहे, तेव्हा कपडे वाळत घालायला दिवस चांगला, असे त्यांनी सांगितले. मला हे फार आवडले. विज्ञान पहिल्यांदा घरात आले ते दोरीवरच्या कपड्यांची चौकशी करीत!

रविवारची परंपरा शेतकऱ्यांमुळे पडली. १९५७ पासून रविवारी दुपारी 'फार्मिंग' नावाचा कार्यक्रम लागे आणि त्याच्या जोडीला शेतकऱ्यांसाठी खास हवामान सांगत. १९८८ साली 'फार्मिंग' संपून त्याच्या जागी 'कंट्रीफाइल' आले, आणि २००९ मध्ये ते दुपारचे संध्याकाळी गेले. मधल्या काळात नकाशाचीही रूपे पालटली. १९६७ पासून लोहचुंबकी चिन्हे आली. ती कधी कधी घसरत, म्हणजे इंग्लंडवर लावलेला ढग समुद्रात पडे. १९७५ मध्ये नॉरिचच्या कलाशाळेतल्या मार्क अॅलन या विद्यार्थ्याने काढलेले ढग, सूर्य नि थेंब आले आणि ते जवळजवळ तीस वर्षे टिकले. १९८५ पासून संगणकाची चित्रे आली.

पण आठवड्याचेच का सांगायचे? हे मला त्या देशातल्या गवताने शिकवले. गवत कापले की ते वाळवून गोळा करायला तीन-चार कोरडे दिवस सलग लागतात. उद्याचे ऊन कळून शेतकऱ्याचे भागत नाही. त्याला परवाचे आणि तेरवाचेही लागते. आणि ते सांगणे फार दिवस कोणाला शक्यच नव्हते. युरोपातल्या देशांनी १९७५ साली एक संयुक्त केंद्र उभारले, ते नेमके आमच्या मुलीच्या रेडिंग गावात, आणि १९७९ मध्ये त्याचा पहिला मध्यम पल्ल्याचा अंदाज बाहेर पडला. तेव्हापासून साधारण दर दहा वर्षांना एकेक दिवस याप्रमाणे माणसाची दृष्टी लांब होत गेली आहे. दहा वर्षांत एक दिवस! ऐकायला किती थोडे वाटते. पण त्या एका दिवसासाठी उपग्रह उडवावे लागले, समुद्रात तराफे सोडावे लागले, अवाढव्य संगणक बांधावे लागले.

आणि इतके करूनही चुकते. १५ ऑक्टोबर १९८७ रोजी दुपारी मायकेल फिश या लोकप्रिय निवेदकाने, तुफान येतेय असे एका बाईंनी कळवले आहे, पण काळजी नको, असे हसत सांगितले. त्याच रात्री दक्षिण इंग्लंडात वादळाने हाहाकार केला. ब्रिटनमध्ये अठरा माणसे गेली, दीड कोटी झाडे उन्मळली. सेव्हनओक्स, म्हणजे 'सात ओक', या गावच्या सातांपैकी सहा ओक एका रात्रीत पडले. ते बोलले होते ते दुसऱ्याच, अमेरिकेकडच्या वादळाविषयी, असे त्यांनी पुढे सांगितले. पण लोकांना आठवते ते हसणे. आपल्याला हसण्याचा अधिकार नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच मुंबईतल्या कुलाब्याला अवघा ७३. एकाच शहराच्या दोन टोकांना एवढे अंतर! शेकडो माणसे त्या दिवसांत दगावली. तशा पावसाची पूर्वसूचना कोणाच्याही हाती आली नव्हती. त्या दिवशी विनोद कोणाला सुचला नाही.

या विद्येचा मूळ पुरुष तर या थट्टेखाली फार पोळला. रॉबर्ट फिट्झरॉय. डार्विनला जगप्रवासाला नेणाऱ्या 'बीगल' जहाजाचा कप्तान. १८५९ च्या एका वादळात 'रॉयल चार्टर' जहाज शेकडो उतारूंसह बुडाले, तेव्हा त्याने ठरवले, की खलाशांना आगाऊ सूचना मिळाली पाहिजे. १८६१ पासून तो 'टाइम्स'मध्ये रोजचा अंदाज छापू लागला. बंदरांवर धोक्याच्या खुणा चढू लागल्या. अंदाज चुकला की वर्तमानपत्रे टिंगल करीत, विद्वान नाके मुरडीत. पैसा संपला, प्रकृती ढासळली, मन खचले. ३० एप्रिल १८६५ च्या सकाळी त्याने स्वतःचा जीव घेतला. तो रविवार होता. पुढे त्याच्या खात्याने वादळाच्या सूचना बंदही केल्या. तेव्हा आरडाओरडा केला तो खलाशांनी, आणि सूचना पुन्हा सुरू झाल्या. ज्यांना समुद्रात जायचे होते, त्यांना चुकणारा अंदाजही हवा होता. हसणारे होते ते किनाऱ्यावरचे.

हे मला पूर्ण उमगले ते माझ्या धाकट्या भावामुळे. बाग आता तो पाहतो. मी इंग्लंडात असताना तो फोनवर चिडवी, "आक्का, तुझा तो रविवारवाला काय म्हणतोय? आमच्याकडं कधी पाठवतीस त्याला?" मी परत आल्यानंतर काही वर्षांनी एका एप्रिलात त्याची द्राक्षे बेदाण्यासाठी तयार झाली. बेदाणा करणे म्हणजे मोठ्या प्रमाणावरचे वाळवणच. घड द्रावणात बुडवायचे, शेडमधल्या जाळ्यांवर पसरायचे आणि पंधरा दिवस कोरड्या हवेची वाट बघायची. मध्ये ओल आली की बेदाणा काळवंडतो आणि भाव कोसळतो. वेधशाळेने त्या आठवड्यात अखेरीला पाऊस सांगितला होता. अर्थात, तुरळक ठिकाणी. आईचाच प्रश्न मुलासमोर येऊन उभा राहिला होता. माल तोडावा, तर ओल लागेल. वेलीवर ठेवावा, तर मणी तडकतील. मजूर ठरलेले, बँकेचा हप्ता ठरलेला.

त्याने अर्धा माल तोडला नाही. तोडलेल्या अर्ध्यावर कागद बांधून रात्रभर जागा राहिला. पाऊस आला, आणि तो तुरळकात आला. जाळ्यांवरचा बराच माल काळा पडला. वेलीवरचे काही मणी तडकले, पण बाकीची द्राक्षे पुढे चांगली वाळली. मी फोनवर हळहळले. म्हटले, नक्की गाव, नक्की घटका सांगायला काय होते यांना? तो शांतपणे म्हणाला, "आक्का, त्यांनी सांगितलं म्हणून निम्मं राहिलं. सांगितलंच नसतं तर सगळं काढून पसरलं असतं की!"

निम्मे वाचणे म्हणजे काय, हे पगाराच्या तारखेवर जगणाऱ्या माझ्यासारखीला सहज कळण्यासारखे नव्हते. त्या निम्म्यात पुतणीची कॉलेजची फी होती. त्यानंतर वेधशाळेचा तो जुना विनोद माझ्यासमोर कोणी केला की मी अजूनही हसते, नाही असे नाही. पण हसताना ओसरीवरचा रेडिओ आणि त्याच्यासमोर श्वास रोखून बसलेले घर आठवते. भविष्य सांगणारे जगात पुष्कळ आहेत. ज्योतिषी सांगतो आणि दक्षिणा घेऊन निघून जातो. पुढारी सांगतो आणि पाच वर्षे दिसत नाही. आपण काय सांगितले होते ते सर्वांच्या ध्यानात असताना, पुढच्या रविवारी त्याच लोकांसमोर, त्याच नकाशापुढे पुन्हा उभा राहतो, तो एवढा एकच.