येऊ का, येईन का?

संकेश्वरात आम्ही घरी मराठी आणि बाजारात कानडी बोलतो. इंग्रजी कचेरीच्या उंबरठ्यावर आठवते. तेथे ‘शॅल’, ‘विल’, ‘मे’, ‘कुड’ यांपैकी कोणते योजावे, या विवंचनेत आमची मुले अडखळतात. वस्तुतः हा विवेक मायबोलीत आहेच. ‘दार उघडू का?’ म्हणताना आपण आपले कष्ट देऊ करतो. तेथे ‘शॅल आय’. ‘आत येऊ का?’ म्हणताना परवानगी मागतो. तेथे ‘मे आय’. ‘मी उत्तीर्ण होईन का?’ ही भविष्याची पृच्छा. तेथे ‘विल आय’. म्हणून दारात ‘विल आय कम इन’ म्हणणारा परवानगीऐवजी स्वतःचे भविष्यच विचारतो. कानडीतही ‘बरले?’ आणि ‘बरबहुदे?’ असे दोन प्रश्न आहेत. ‘कुड’ हे ‘कॅन’चे भूतकाळी रूप, विनंतीत मात्र ते काळ न दाखवता अदब दाखवते. आपणही समोर उभे राहून ‘आपल्याकडे थोडे काम होते’ असेच म्हणतो. १९५६ मध्ये आमचे राज्य बदलले, घरातले ‘येऊ का’ टिकले. इंग्रजीच्या हव्यासापायी ते मुलांच्या तोंडून जाऊ नये. इंग्रजीची किल्लीही त्यातच आहे.