सावेडीतील दवाखाने आणि आपले कार्ड

प्रोफेसर कॉलनी चौकातून पाइपलाइन रस्त्याकडे चालत निघालात, तर औषधांची दुकाने आणि रुग्णालयांच्या पाट्या आपली सोबत सोडत नाहीत. सावेडीतील अनेक घरांत आता मुले पुण्यात वा परदेशी असतात आणि दोन वृद्धच एकमेकांना सांभाळतात. इतकी रुग्णालये हाकेच्या अंतरावर असताना चिंता कसली, असे आपणांस वाटेल. परंतु सर्वांत जवळचे रुग्णालय आपल्या योजनेत असेलच असे नाही, आणि हे बहुधा मध्यरात्री पैसे भरण्याच्या खिडकीपाशी कळते.

ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी पूर्ण केलेल्या प्रत्येकास, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यावर होतात. पती-पत्नी दोघेही सत्तरीपुढचे असल्यास ही रक्कम दोघांत मिळून असते. मधुमेहासारखे जुने आजारही पहिल्या दिवसापासून धरले जातात. मात्र रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या किंवा डॉक्टरांची साधी तपासणी यांत येत नाही; योजनेतील रुग्णालयात दाखल व्हावे लागते. सत्तरीच्या आतील मंडळींनी शिधापत्रिकेवरील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी.

नगर हे छावणीचे गाव. माजी सैनिकांना त्यांची स्वतंत्र आरोग्य योजना असते. त्यांना दोहोंपैकी एकच निवडावी लागते, तेव्हा घाईने अर्ज करू नये. खाजगी विमा असलेल्यांना अशी अडचण नाही.

खरी अडचण बोटांची. वयोमानाने झिजलेले ठसे यंत्र ओळखत नाही. अशा वेळी चेहऱ्यावरून किंवा आधारशी जोडलेल्या मोबाईलवरील संकेतांकावरून ओळख पटवता येते. तो क्रमांक पुण्यातील मुलाचा असेल, तर तो फोनवर असतानाच केंद्रावर जावे. क्रमांक बंद पडला असल्यास आधी आधार दुरुस्त करावे.

आता प्रकृती ठीक असलेल्या एखाद्या सकाळी जवळच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला नेमके विचारा : हृदयविकाराचे उपचार येथे योजनेत होतात का? मूत्रपिंडाचे? एखादे रुग्णालय काही विभागांपुरतेच योजनेत असू शकते. कार्ड दाखल होतानाच दाखवावे. आधी पैसे भरू, मागाहून परत मिळतील, या भरवशावर राहू नये. शंका आल्यास १४५५५ या क्रमांकावर विचारता येते. मिळालेली उत्तरे, कार्डाची प्रत आणि चालू औषधांची यादी एकाच पिशवीत ठेवून ती कोठे आहे हे शेजाऱ्यांनाही सांगून ठेवावे.