फळ्यावरची उभी रेघ

आंतरवासितेसाठी अध्यापक विद्यालयाने दिलेल्या निरीक्षण नोंदवहीत प्रत्येक तासिकेला एक पान होतं. प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, फलकलेखन, मूल्यमापन, स्वाध्याय असे रकाने. हर्बार्टच्या पंचपदीचं हे वळण. डी.एड.चं डी.एल.एड. झालं, रकाने मात्र बदलले नाहीत. एक शिक्षक, एक इयत्ता, एक विषय हे त्यात गृहीतच धरलेलं.

मला मिळाली ती पनवेल तालुक्यातली, नेऱ्याच्या पुढे डोंगराच्या बाजूची जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. पनवेल म्हटलं की लोकांना टॉवर आणि विमानतळ आठवतो. महापालिकेची हद्द संपली की भातखाचरं आणि वाड्या लागतात. चार इयत्ता आणि दोन शिक्षक. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात. मग इयत्ता कितीही असोत. पहिली-दुसरी बाईंकडे, वरचे दोन वर्ग सरांकडे. सर बैठकीला किंवा कसली तरी माहिती भरायला गेले की चारही बाईंकडे.

बाई शाळा भरायच्या आधी येऊन फळ्यावर मधोमध उभी रेघ मारत. डावीकडे पहिली, उजवीकडे दुसरी. मी आधी फक्त पहिलीकडे बघून पानं भरत होते, कारण बाई तिकडे शिकवत होत्या. खरं बघण्यासारखं होतं ते दुसरीत, जिथे बाई नव्हत्या.

दुसरीला त्या उतरवून काढायचं काम सहसा देत नसत. उतरवणं कुणाचं लवकर संपतं, कुणाचं संपतच नाही, आणि ‘बाई, झालं!’ म्हणत वह्या घेऊन रांग लागते. तिघातिघांचे गट करून त्या खराट्याच्या काड्या देत. दहा काड्यांना रबर लावलं की एक दशक. एकाने संख्या सांगायची, दुसऱ्याने काड्या मांडायच्या, तिसऱ्याने लिहायची, मग पाळी बदलायची. भांडण ठरलेलं. “ओ बाई, हा चुकला!” बाई पहिलीतल्या कुणाच्या तरी पाटीवर वाकलेल्या असत. मान वर न करता विचारत, “काड्या काय म्हणतात?” बस. तिघं परत काड्या मोजायला लागत. आमच्या पुस्तकात याला स्वयंअध्ययन म्हणतात, पण ते तीन ओळींत उरकलंय. काम असं हवं की बरोबर-चूक ठरवायला शिक्षक लागू नये, ही खरी मेख. तसं काम शोधून काढायला बाईंना किती वर्षं लागली असतील कोण जाणे.

त्रेपन्न ऐकून ३५ लिहिणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. तीन आधी ऐकू येतो, म्हणून तो आधी लिहिला जातो. मुलाच्या बाजूने यात गैर काहीच नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘पन्नास तीन’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या, त्यांना किती तरी खुलासे करावे लागले. मराठी बुडणार असंही लोक म्हणाले. या वर्गात वादाला जागाच नव्हती. पाच गठ्ठे उचलताना ‘पन्नास’, तीन सुट्या काड्या ठेवताना ‘तीन’, आणि सगळं एकत्र सरकवताना ‘त्रेपन्न’. दोन्ही नावं रोज मुलांच्या तोंडी.

पहिलीत जास्त ऐकणं असे. आगरी घरातली पोरं चित्र बघून ‘तलं’ म्हणत, ‘डोला’ म्हणत. नोंदवहीत ‘शुद्ध उच्चार’ असा पोटरकाना होता, म्हणून मी टपूनच बसले होते. बाईंनी एकदाही टोकलं नाही. “हो का? मग तळ्यात आणखी काय काय दिसतंय?” असं म्हणून त्या पोराला पुढे बोलतं ठेवत. प्रश्न विचारला की थांबत. मला अवघडल्यासारखं व्हावं इतक्या थांबत. नाव नंतर घेत. आधी नाव घेतलं की बाकीचे सुटतात.

एक गोष्ट मात्र मला पटली नाही. दुसरीतली एक हुशार मुलगी सतत पहिलीच्या गटाला वाचून दाखवायला बसवलेली असे. शिकवल्याने तीही शिकते, हे खरं. पण तिच्या वाट्याचं नवीन वाचन कधी? मी विचारलं तेव्हा बाई हसल्या. “माणूस द्या, मग बोला,” म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात मला तिच्यासोबत गोष्टीची पुस्तकं घेऊन व्हरांड्यात बसवलं.

दिवाळीनंतर कातकरी वाडीतली काही कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघाली. ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मूल जिथे जाईल तिथल्या शाळेत त्याला बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड देतात. ते भरायला बाईंनी मला सोबत घेतलं. मी एका मुलीच्या कार्डावर ‘प्रगती समाधानकारक’ लिहायला निघाले, तर त्यांनी पेन मागून घेतलं. “यातून तिकडच्या शिक्षकाला काय कळणार?” असं म्हणून त्यांनी लिहिलं: हातच्याची बेरीज काड्या घेऊन करते, काड्यांशिवाय अजून नाही. जोडाक्षरं अडतात. गोष्ट सांगायला लावा, छान सांगते.