लॅमिंग्टन रोड : जिथे आमच्या कॅसेटची सीडी झाली

मुंबईत पश्चिम रेल्वेवर ग्रँट रोड नावाचे स्टेशन आहे. सगळ्याच फास्ट लोकल तिथे थांबत नाहीत, म्हणून दादरहून जाणाऱ्याने स्लो गाडी धरावी. पूर्वेला उतरून थोडे चालले की लॅमिंग्टन रोड लागतो. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचे हे नाव. सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण लोकांच्या तोंडी अजून जुनेच बसलेले.

एके काळी हा सिनेमाचा रस्ता होता. इथल्याच मिनर्व्हा टॉकीजमध्ये १९७५ साली ‘शोले’ लागला आणि पाच वर्षे हलला नाही. पुढे टॉकीजचा झगमगाट ओसरला. राहिला तो रेडिओच्या सुट्या भागांचा, वायरींचा, सोल्डरिंगचा आणि नंतर कॉम्प्युटरचा बाजार. दीड हात रुंदीच्या गाळ्यात माणूस उभा, मागे छतापर्यंत डबे, आणि डब्यांवर पेनाने लिहिलेले आकडे. गिऱ्हाईक आकडा सांगतो, तो न बघता हात घालून नेमका तोच भाग काढतो. या हातांना पदवी कुणी दिलेली नाही.

आम्ही तिथे गेलो ते २००४ च्या नोव्हेंबरात. त्या वर्षी मे महिन्यात वामनदादा कर्डक गेले आणि जूनमध्ये प्रल्हाद शिंदे. सहा आठवड्यांत दोन मोठे आवाज थांबले. त्यांची गाणी कॅसेट कंपन्यांनी काढलेली होती, ती घराघरांत राहणार होती. पण प्रत्येक वस्तीची आपली एक गायन पार्टी असते, तिचे काय? तिच्या कॅसेटी कुठल्याच कंपनीने काढल्या नाहीत. त्या कुणाच्या तरी पत्र्याच्या पेटीत, लग्नाच्या फोटोंखाली पडून असतात.

आमच्या मनमाडच्या घरात अशा दोन होत्या. आमचे आजोबा रेल्वेच्या वर्कशॉपात खलाशी होते आणि पेटी वाजवून गात. १९८६ च्या १४ एप्रिलला रात्री वस्तीत त्यांच्या पार्टीचा कार्यक्रम झाला, तो कुणीतरी टू-इन-वनवर भरून घेतला. त्यात त्यांचे स्वतः रचलेले एक गाणे आहे, १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली मनमाडला झालेल्या रेल्वे कामगार परिषदेवर. आजोबा तेव्हा अठरा वर्षांचे, मंडपात पाणी वाटायला होते. हे गाणे कुठे छापलेले नाही. वहीही पुराच्या पाण्यात गेली. जे काही होते ते त्या भुऱ्या फितीवर.

आत्याने कॅसेट लावून पाहिली तेव्हा आवाज विहिरीतून आल्यासारखा येई. फितीवर पांढरी बुरशी धरली होती आणि फीत हेडवर दाबून धरणारा नमद्याचा तुकडा गळून पडला होता. वर्कशॉपातल्या एका पोराने सांगितले, लॅमिंग्टन रोडला जा, ते कॅसेटची सीडी बर्न करून देतात. आत्या घाबरली. “बर्न म्हणजे जाळायची? मग ऐकायचं काय, राख?”

पहाटेच्या पंचवटीने निघालो. कसाऱ्याचा घाट उतरेपर्यंत आत्याने कॅसेटींची पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. पासवाल्यांच्या गप्पा रंगल्या होत्या, तिने एकदाही मान वर केली नाही.

गाळ्यातला माणूस पन्नाशीचा, चष्मा कपाळावर. त्याने आधी कॅसेटचे पाच स्क्रू काढले, फीत मऊ कपड्यातून हळूहळू सरकवली आणि नव्या खोक्यात बसवली. मग विचारले, “ताई, सीडी कशावर वाजवणार? कॉम्प्युटरवर की साध्या प्लेअरवर?”

हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही, म्हणून थोडे खोलात सांगतो. चकती दिसायला एकच, पण तिच्यावर गाणे दोन प्रकारांनी ठेवता येते. एक म्हणजे एमपीथ्री. त्यात आवाज दाबून लहान करतात, म्हणून एका चकतीत शंभरावर गाणी मावतात. पण साध्या जुन्या प्लेअरला ती वाचताच येत नाहीत. दुसरी ऑडिओ सीडी. तिचे नियम फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८० साली ठरवले. आवाजाची दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजणी करायची, डाव्या बाजूची वेगळी, उजव्या बाजूची वेगळी, आणि ते आकडे आतून बाहेर जाणाऱ्या एकाच सर्पिल ओळीत लिहायचे. या पद्धतीने चकतीत ८० मिनिटे मावतात. मात्र ती जगातल्या कुठल्याही साध्या प्लेअरवर वाजते. आमच्या विहारातला प्लेअर वर्गणीतून घेतलेला होता, साधाच. आत्याने लगेच सांगितले, “विहारात वाजली पाहिजे.”

कारखान्यातल्या सीडीवर खड्डे साच्याने दाबलेले असतात. घरी करायच्या चकतीत खड्डे नसतात, रंगाचा एक पातळ थर असतो. लेसरच्या उष्णतेने त्यावर डाग पडतात, आणि प्लेअर त्या डागांनाच खड्डे समजून वाचतो. म्हणजे आत्या म्हणाली ते अगदीच खोटे नव्हते, थोडे जळते खरे! ओळी इतक्या जवळ की डोक्याच्या एका केसाच्या जाडीत तीस-चाळीस बसाव्यात. पुसून पुन्हा लिहिता येणारी चकतीही मिळते, पण तिच्यावरून उजेड फारच कमी परततो, म्हणून जुने प्लेअर ती नाकारतात. त्या माणसाने आम्हाला एकदाच लिहायची दिली.

अडचण पुढेच होती. कॅसेट नव्वदची, चकती ऐंशीची. दहा मिनिटे जास्त. तो म्हणाला, “गाण्यांच्या मधली बडबड काढून टाकतो, आरामात बसेल.”

बडबड म्हणजे काय? गाणे संपले की निवेदक देणग्या पुकारी. अमुक आळीच्या अमक्यांकडून पार्टीला पाच रुपये. तमक्या गँगमनकडून दोन रुपये. एका बाईकडून सव्वा रुपया, आणि तिने फर्माईश केली आहे तीच पुन्हा म्हणावी. आत्या हे ऐकत बसली आणि तिचे ओठ हलू लागले. ती त्या माणसांची नावे पुकारणाऱ्याच्या आधी म्हणत होती. त्यातली बहुतेक माणसे तोवर गेलेली. त्यांचा फोटो नाही, नाव कुठल्या पुस्तकात नाही. या फितीवर तेवढे एकदा मोठ्याने घेतलेले आहे.

“यातलं एक अक्षर काढायचं नाही,” आत्या म्हणाली. “दोन सीड्या करा. पैसे दुप्पट घ्या.”

मागे यार्डातल्या इंजिनाची शिट्टीही भरली गेली होती, गाण्याच्या ऐन मध्यावर. तो म्हणाला, ही कमी करता येते. तिलाही हात लावू दिला नाही.

कॅसेटला घाई चालत नाही. नव्वद मिनिटांची फीत कॉम्प्युटरमध्ये घ्यायला नव्वद मिनिटेच लागतात, तेवढ्या वेळात आम्ही रस्ता पालथा घातला. चहा घेतला. आत्याने घरच्या टेबलफॅनसाठी कंडेन्सर घेतला आणि दोन रुपये कमी करून घेतले. दुसऱ्या कॅसेटचे काम झाले तेव्हा दुपार कलली होती. प्रत्यक्ष जाळण्याला मात्र फार वेळ नाही. आठपट वेगाने भरलेली चकती दहा मिनिटांत होते. शेवटी चकती बंद करावी लागते, म्हणजे कोणते गाणे कुठे सुरू होते त्याची यादी सुरुवातीला कायमची लिहायची. ते राहिले तर कॉम्प्युटरवर वाजते आणि साध्या प्लेअरवर ‘नो डिस्क’ येते. अशा कुचकामी चकत्या हातात पडलेले कितीतरी लोक असतील. आमच्या माणसाने कोपऱ्यातला जुना प्लेअर पुसला, चकती घातली, आणि लॅमिंग्टन रोडच्या गर्दीत आजोबांचा आवाज निघाला. शेजारचा गाळेवाला डोकावून म्हणाला, “कोण आहे हो? आवाजात दम आहे.” आत्याने पदर सावरला आणि म्हणाली, “माझे वडील.”

चार चकत्या झाल्या. प्रत्येकीची आणखी एक प्रत करून घेतली, एक विहाराला, एक घरी. आपल्या माणसाच्या आवाजाची प्रत करायला कुणाला विचारावे लागत नाही. पण जाता जाता एक बोलतो. त्याच काळात जत्रेत, मेळाव्यात आपल्याच शाहिरांच्या विकत मिळणाऱ्या कॅसेटींच्या चोरट्या सीड्याही ढिगाने खपत. घेणारा गरीब होता, मान्य. पण ज्याने गाणे रचले तो त्याहून गरीब होता, आणि त्या चकतीतून त्याला एक पैसाही मिळत नव्हता.

सहा डिसेंबरच्या आदल्या संध्याकाळी विहारात पहिली चकती लावली. परिषदेचे गाणे संपले आणि देणग्या सुरू झाल्या, तेव्हा पोरांनी ‘पुढचं लावा’ म्हणून गलका केला. मागच्या ओळीतून एक म्हातारी उठली आणि प्लेअरपुढे जाऊन बसली. सव्वा रुपया देणारी बाई तीच होती. तिला कमी ऐकू येई, म्हणून ती कान स्पीकरला लावून बसली, आणि तिचे नाव आले तेव्हा ‘हो’ म्हणाली.

आता नव्या लॅपटॉपला सीडीची खाचच नसते, वेगळा ड्राइव्ह घेऊन वायरीने जोडावा लागतो. भारतात कोऱ्या चकत्या करणारी मोठी कंपनी मोझर बेअर, ती २०१८ साली दिवाळखोरीत निघाली. जाळलेल्या चकतीतला रंग उन्हाने उडतो, म्हणून आमच्या चकत्या सुती पिशवीत, कपाटाच्या आतल्या कप्प्यात आहेत. त्यांच्यावर चिकटपट्टी लावलेली नाही, मऊ टोकाच्या पेनाने फक्त तारीख लिहिली आहे. गाणी पेन ड्राइव्हवर आणि भाच्याच्या मोबाइलमध्येही गेली. मूळ कॅसेटी आम्ही टाकल्या नाहीत. नमद्याचा नवा तुकडा बसवल्यापासून त्या अजून वाजतात, आणि आत्या वर्षातून एकदा त्या पेन्सिलीने मागे-पुढे फिरवून ठेवते.