फुटक्या बांगड्यांच्या बायका

एल.टी.सी. घेऊन आम्ही कुटुंबासह चंदीगडला गेलो. सोबत आमची आक्का होती. तिची उभी हयात महापालिकेच्या सफाई खात्यात गेली. रॉक गार्डन टाकाऊ वस्तूंची केलेली आहे, असे सांगताच ती म्हणाली, "कचरा बघायला एवढ्या लांब कशाला आणलंस रे?"

आत शिरायला ठेंगणी दारे. वाकावेच लागते. पुढे पाहावे तिकडे बाहुल्यांच्या रांगा. माणसे, माकडे, पक्षी. आत सिमेंट, अंगावर फुटक्या कपबश्यांचे आणि बांगड्यांचे तुकडे.

ही बाग नेकचंद सैनी यांची. सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ता निरीक्षक, म्हणजे आमच्यासारखाच पगारावर जगणारा माणूस. फाळणीत त्यांचे गाव पाकिस्तानात गेले. इकडे ल कोर्बुझिए यांच्या आराखड्यावर नवे शहर उभे राहत होते आणि त्यासाठी जुनी गावे उठवली जात होती. त्या पाडापाडीतला राडारोडा नेकचंद सायकलवरून सुखना तलावाजवळच्या जंगलात नेत. जागा सरकारी. कुणी पाहिले असते तर नोकरीवर गदा! तरीही सुमारे १८ वर्षे हे काम गुपचूप चालले. १९७५ च्या सुमारास सरकारला पत्ता लागला. लोकांनी उचलून धरले, म्हणून बाग वाचली. १९७६ मध्ये ती सर्वांना खुली झाली. नेकचंदांना पगार आणि हाताखाली ५० मजूर मिळाले. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या पन्नास मजुरांची नावे मात्र आम्हाला कुठे दिसली नाहीत.

१९९० मध्ये रस्त्यासाठी बुलडोझर आले, तेव्हा शहरातले लोक साखळी करून आडवे उभे राहिले. नेकचंद २०१५ मध्ये वारले. २०२५ मध्ये पुन्हा रस्तारुंदीपायी बागेच्या भिंतीचा काही भाग पाडला गेला. गावे पाडून झालेल्या शहराला ही बागही अधूनमधून आड येते, असे दिसते.

बांगड्यांच्या बायकांपुढे आक्का बराच वेळ उभी होती. मग तळहात पुढे करून जुना वण दाखवला. "बांगडीची काच हातमोज्यातूनबी शिरते. हे निवडलं कुणी असंल?"

पलीकडे एक बाई झाडत होती. आक्का तिच्याजवळ गेली. एक मराठीत, दुसरी पंजाबीत. दोघींचे चांगले अर्धा तास जमले. आम्ही पोरांना झोपाळ्यांकडे नेले.

परतताना नातवाने वेफर्सचे रिकामे पाकीट खाली टाकले. आक्काने ते उचलून त्याच्याच खिशात कोंबले.