ए.कु.मॅ.

२०१९च्या उन्हाळ्यात वाई तालुक्यातलं एक रान मला आवडलं. सव्वा एकर, उताराचं, बांधावर एक जुना आंबा. शाळेत इतिहास शिकवण्याची माझी दोनच वर्षं उरली होती. त्यानंतर चार झाडं लावावीत, एवढाच बेत. एजंटाने व्हॉट्सॲपवर सातबारा धाडला आणि फोनवर म्हणाला, "सातबारा कोरा आहे सर. डोळे झाकून घ्या."

सातबारा कोरा म्हणजे 'इतर हक्क' या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा नाही. मी डिजिटल सहीचा उतारा स्वतः काढला. गट नंबर, क्षेत्र ०.५२ हेक्टर, त्यातलं चार आर पोटखराब, आकार काही रुपये-पैसे, भोगवटादार वर्ग १ आणि दोन भावांची नावं. आर म्हणजे जवळपास गुंठाच, एवढं मला ठाऊक होतं. वर्ग १ म्हणजे विकायला सरकारची परवानगी लागत नाही, हेही कुणीतरी सांगितलं. दोन्ही भाऊ सरळ वाटले. मी विसार म्हणून एकावन्न हजार देऊन टाकले आणि मग वकीलबाईंकडे गेलो. क्रम उलटा झाला, हे त्यांच्या चेहऱ्यावरून लगेच कळलं.

"सातबारा हा मालकीचा पुरावा नाही," त्या म्हणाल्या. "सारा कुणाकडून वसूल करायचा, यासाठी सरकारने ठेवलेली ती वही आहे. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये कब्जा कुणाचा, बारामध्ये पीक काय. महसूल कायद्याच्या कलम १५७प्रमाणे ती नोंद खरी धरतात, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. मालकी येते खरेदीखताने, वाटपाने, वारसाने. ती कशी आली, हे फेरफार सांगतो."

मग त्यांनी नावांच्या शेजारी गोलात लिहिलेले आकडे दाखवले. माझी नजर त्यांच्यावरून दहा वेळा फिरली असेल. मला ते पानांचे नंबर वाटले होते. ते फेरफाराचे नंबर निघाले. गाव नमुना सहा ही फेरफाराची वही. जमिनीच्या हक्कात काहीही बदल झाला, की आधी तिथे नोंद पडते, मंडल अधिकारी ती प्रमाणित करतात आणि मगच सातबाऱ्यावरचं नाव बदलतं. "या गोलांना धरून मागे जा," त्या म्हणाल्या. "कुळकायद्याच्या आधीपर्यंत पोचलात, तर उत्तम."

मागे जाणं म्हणजे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जाणं. अर्ज, नकलेची फी, आठवड्याने या. तिसऱ्या खेपेला नकला मिळाल्या. पहिला फेरफार २००३चा: वडील मयत, वारस दोन मुलगे. या भावांना सख्खी बहीण नाही, तेव्हा तो मला बरोबरच वाटला. त्याच्या मागे गटवारीचा, म्हणजे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले तेव्हाचा. त्यात नावं तीच, फक्त आकडे बदललेले. आणि त्याच्या मागे १९७१चा. बोरूने लिहावं तसं तिरपं, दाट अक्षर. आजोबा मयत. वारस: मुलगा एक, मुली दोन, दोघी लग्न होऊन सासरी. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, की मुलाचं नाव 'ए.कु.मॅ.' म्हणून दाखल करावं.

ती तीन अक्षरं मला सहीसारखी वाटली. वकीलबाईंनी त्यांच्याखाली पेन्सिलने रेघ ओढली. "एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे जमीन सगळ्यांची, सोयीसाठी नाव एकाचं." २००३ साली त्या एकाच्या जागी त्याची मुलं लागली, तेव्हा मॅनेजर हा शब्द गळाला आणि मालकी राहिली. त्या दोन नोंदींच्या मध्ये दोन बायका हरवल्या होत्या.

थोरल्या भावाला विचारलं, तर तो गडबडला नाही. "आत्यांनी तेव्हाच सोडलं की. चावडीवर जबाब दिलाय तलाठ्यापुढं."

वकीलबाईंनी मान हलवली. तोंडी जबाबाने किंवा साध्या संमतिपत्राने जमिनीतला हिस्सा सुटत नाही. हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं, आणि त्या गावच्या सूची क्रमांक दोनच्या शोधात तसा दस्त कुठेच नव्हता. हिंदू वारसा कायदा १९५६चा. आजोबा गेले १९७१ साली. "हिस्सा किती, यावर वाद घालता येईल," त्या म्हणाल्या. "शून्य नाही, यावर नाही."

विसार परत घेऊन मोकळं व्हायचा सल्ला मला चौघांनी दिला. पण धाकटा भाऊ म्हणाला, "सर, आत्याकडं जाऊन तर येऊ." धाकटी आत्या वारली होती; तिचा मुलगा मुंबईत माथाडी कामगार. थोरली कोरेगाव तालुक्यात, ऐंशीच्या घरात. आम्ही तिघे गेलो. तिने भाच्यांना मायेने जवळ घेतलं, मला 'पाव्हणं' म्हणून चहा दिला. धाकट्याने अडखळत विषय काढला.

"जबाब?" ती म्हणाली. "दादानं बोलावलं म्हनून गेले. अंगठा लाव म्हनला, लावला. काय लिवलंय ते इचारायची तवा रीत नव्हती."

थोरला भाऊ जमिनीकडे बघत राहिला. मग तिनेच विचारलं, "चिंचंच्या रानातला आंबा हाय का अजून?"

गट नंबर तिला माहीत नव्हता. मला रानाचं नाव माहीत नव्हतं. आंबा मात्र दोघांनाही ठाऊक होता. बोलता बोलता ती म्हणाली, की त्या आंब्याखालून वरच्या वाडीच्या गाड्या जायच्या, कुणी कधी अडवल्या नाहीत. सातबाऱ्यावर वाटेचा एक शब्द नव्हता. परत आल्यावर मी भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा काढला. त्यावर आमच्या गटातून दोन तुटक रेषा शेजारी शेजारी धावत होत्या: गाडीवाट. अंगणात बसून तिने जे सांगितलं, ते नकाशावर होतंच. वाचणारं कुणी नव्हतं. पुढे मोजणी मागवली, तेव्हा भूकरमापकाने आंब्याच्या अलीकडे खूण केली. कुंपण घालताना ती वाट मोकळी सोडायची, हे मी तेव्हाच ठरवलं.

आत्याने हक्कसोड द्यायला नकार दिला. "सोडनार न्हाई. इकायचं आसंल तर मीबी इकते." मला ते सर्वांत सरळ वाटलं. खरेदीखतात 'लिहून देणार' म्हणून दोन भाऊ, आत्या आणि वारलेल्या आत्याचा मुलगा अशी चार नावं आली, आणि प्रत्येकाच्या नावाचा वेगळा चेक. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात आत्याला फोटोसाठी खुर्चीवर बसवलं, अंगठा यंत्रावर ठेवायला सांगितलं. झिजलेल्या रेषा यंत्राला काही केल्या ओळखू येईनात. चौथ्यांदा उमटला. ती मला म्हणाली, "तवा येका दमात उमटला व्हता."

खरेदीखताला माझ्याकडून एक कागद लागत होता. आपल्याकडे शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. कुळकायद्याच्या कलम ६३ने तसं बांधून ठेवलं आहे. मी पुण्यात राहणारा मास्तर, पण माण तालुक्यातल्या वडिलोपार्जित माळाच्या सातबाऱ्यावर मोठ्या भावाबरोबर माझं नाव आहे. तोच उतारा मी शेतकरी असल्याचा पुरावा म्हणून जोडला होता. नंबर यायला दोन तास लागले, म्हणून मी तो वाचत बसलो. आता वाचता येत होता. आमच्या नावांशेजारी गोल होता. त्यात नंबर होता.

पुढच्या महिन्यात माझ्या रानाची फेरफार नोंद पडली. नोटिशीचे पंधरा दिवस सरले, कुणाची हरकत आली नाही, नोंद प्रमाणित झाली आणि नव्या सातबाऱ्यावर माझं नाव लागलं. त्याच आठवड्यात मी माणला जाऊन आमच्या माळाचे जुने फेरफार काढले. आजोबा वारले त्या सालच्या नोंदीत वारस होते: मुलगा एक, मुलगी एक. आणि वडिलांच्या नावापुढे तीच तीन अक्षरं.

माझी आत्या फलटणला असते. दर उन्हाळ्यात कुरडयांचा डबा पाठवते. रात्री तिला फोन लावला, ख्यालीखुशाली झाली आणि म्हटलं, "आत्या, माळाच्या सातबाऱ्यावर तुझं नाव लावायचं म्हणतोय. कागद घेऊन येतो."

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग ती काळजीने म्हणाली, "का रे? विकायला काढलाय का माळ?"