दोष कुणाचा, शिक्षा कुणाला

कॉलिन बेकर या नटाबद्दल मी कित्येक वर्षं वाईट बोलत आले, आणि त्याचं काम मी पाहिलेलंच नव्हतं. 'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानमालिकेतला तो सहावा डॉक्टर. सगळ्यांत वाईट हाच, याच्यामुळे मालिका बुडाली, असं चाहत्यांच्या बोलण्यातून कानावर आलं होतं. मी ते जसंच्या तसं पुढे सांगत राहिले.

ही मालिका न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगते. बीबीसीवर ती 23 नोव्हेंबर 1963 रोजी सुरू झाली. नायक परग्रहावरचा. निळ्या पोलीस-पेटीसारख्या दिसणाऱ्या यानातून तो काळाच्या मागेपुढे हिंडतो, आणि मरणाच्या दारात पोचला की त्याचा कायापालट होतो: चेहरा नवा, स्वभाव नवा, आठवणी त्याच. पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल यांची प्रकृती ढासळू लागली तेव्हा निर्मात्यांनी ही तोड काढली. 1966 मध्ये पॅट्रिक ट्राउटन त्यांच्या जागी आले आणि मालिका थांबायची वाचली. पुढे 1989 मध्ये ती बंद पडली, 1996 मध्ये एक चित्रपट आला आणि 2005 मध्ये मालिका पुन्हा सुरू झाली. इतका काळ टिकलेल्या गोष्टीचा नायकच दर काही वर्षांनी बदलत असेल, तर चाहत्यांचं भांडण कधीच संपत नाही. त्या भांडणात मीही उतरले होते.

लग्नानंतर मी कल्याणहून कार्डिफला आले. 2005 मध्ये मालिका परतली ती याच शहरात चित्रित होऊन. 'रोझ' या पहिल्या भागात दुकानांतले पुतळे जिवंत होऊन लोकांवर चालून येतात, ते पडद्यावर लंडन आहे. प्रत्यक्षात ते कार्डिफचं क्वीन्स आर्केड, जिथे मी खरेदीला जायचे. परक्या गावात शनिवारची संध्याकाळ फार लांबते. त्या संध्याकाळी हा एकटा, घर हरवलेला, तरी उत्साही माणूस माझ्या घरात आला आणि मला या गावात थोडी जागा मिळाल्यासारखं वाटलं. इतकं प्रेम जडलं की मालिकेवर आपला हक्क आहे असं वाटू लागतं. माझ्या पुढच्या सगळ्या चुका त्या हक्काच्या भावनेतून झाल्या.

ऑफिसमध्ये माझ्यासारखीच एक चाहती होती, तिथलीच. एकदा जेवणाच्या सुट्टीत आवडत्या डॉक्टरांचा विषय निघाला. ती म्हणाली, तिचा डॉक्टर कॉलिन बेकर. मी पटकन म्हणाले, त्याला कुणी डॉक्टर म्हणतं का! शाळकरी वयात घरात बरं चाललेलं नसताना ती तो कार्यक्रम पाहायची, हे मला नंतर कळलं. ती माझ्याशी भांडली नाही. तिने फक्त विचारलं, मी त्याच्या किती कथा पाहिल्यात. एकही नाही, असं उत्तर द्यावं लागलं.

मग मी पाहिल्या, वाचलं, आणि ज्या नटाला दोष देत होते त्याच्या हातात काय काय नव्हतं ते समजत गेलं. मार्च 1984 मध्ये आधीचा डॉक्टर पीटर डेव्हिसन याची शेवटची कथा 'द केव्ह्ज ऑफ ॲन्ड्रोझानी' लागली. लेखन रॉबर्ट होम्स यांचं, दिग्दर्शन ग्रॅम हार्पर यांचं. पुढच्याच आठवड्यात कॉलिन बेकरची पहिली कथा आली, 'द ट्विन डायलेमा'. 2009 मध्ये 'डॉक्टर हू मॅगझिन'ने वाचकांकडून तोवरच्या 200 कथांना क्रम लावून घेतला, तेव्हा यांतली आधीची पहिली आली आणि नंतरची शेवटची. वरवर पाहणारा म्हणेल, बघा, नट बदलला आणि मालिका खड्ड्यात गेली. मी नेमकं तेच म्हणत होते. पण नव्या डॉक्टरने पहिल्याच भागात आपल्या सोबतिणीचा गळा दाबायचा, हे नटाने ठरवलं नव्हतं. त्याला काळा मखमली पोशाख हवा होता. निर्माते जॉन नेथन-टर्नर यांनी मुद्दाम भडक, विसंगत रंगांचा कोट अंगावर चढवला. मोसम त्या कथेवरच संपला, त्यामुळे जानेवारी 1985 पर्यंत प्रेक्षकांच्या मनात तोच डॉक्टर राहिला, चिडका आणि अविश्वासू. पुढे वाहिनीने मालिका दीड वर्ष थांबवली. 1986 मध्ये ती परतली, आणि तो मोसम संपताच वरून हुकूम आला, नट बदला. बाकी निर्णय ज्यांचे होते त्यांतले बरेचजण जागेवर राहिले. कायापालटाच्या एका प्रसंगापुरतं परत यायला त्याने नकार दिला, आणि मला त्यात काहीच गैर वाटत नाही. शेवटी 1987 मध्ये नवा डॉक्टर सिल्व्हेस्टर मॅकॉय यानेच त्याचा कोट घालून आणि डोक्यावर टोप चढवून तो प्रसंग निभावून नेला.

ऑफिसमधल्या त्या मैत्रिणीने मला श्राव्य नाटकांच्या सीडी आणून दिल्या. 1999 पासून 'बिग फिनिश' ही संस्था जुन्या डॉक्टरांना घेऊन अशी नाटकं काढते आहे. त्यातलं 2000 सालचं 'द मॅरियन कॉन्स्पिरसी' मी ऐकलं. त्यात डॉक्टरची सोबतीण इतिहास शिकवणारी उतारवयातली प्राध्यापिका आहे, एव्हलिन स्माइद. ती त्याला ऐकून घेत नाही, आणि तिच्यासमोर हा डॉक्टर हळूहळू मऊ होतो. नट तोच, आवाज तोच, पण लिहिणाऱ्याने त्याला माणूस म्हणून वागवलं आहे. मी घरी स्वयंपाक करता करता ऐकत होते. गॅस बंद करून खाली बसले. मग मैत्रिणीची माफी मागितली. तिने ती मोठ्या मनाने स्वीकारली.

एवढं झाल्यावर पुन्हा तीच चूक होऊ नये. पण झाली. 2009 च्या जानेवारीत नवा डॉक्टर म्हणून मॅट स्मिथचं नाव जाहीर झालं तेव्हा तो 26 वर्षांचा होता. हा पोरगा काय हजार वर्षांचं दुःख दाखवणार, असं मी म्हणाले. पुढच्या वर्षी पहिला भाग पाहिल्यावर माझं मत बदललं, त्यावर अधिक लिहिण्यासारखं नाही. खरी चूक 2017 ची.

16 जुलै 2017. विम्बल्डनची पुरुषांची अंतिम लढत संपल्यावर बीबीसीने एक छोटी चित्रफीत दाखवली. जंगलातून कुणीतरी चालत येतं, डोक्यावरची टोपी मागे सारतं, आणि दिसते जोडी व्हिटेकर. तेरावी डॉक्टर बाई होती. मी म्हणाले, "आता संपलं." बाई असून म्हणाले. माझी मुलगी तेव्हा शाळेत होती, ती शेजारीच बसली होती.

कारण विचारलं की कारण तयार होतं. मुलग्यांना बंदूक न चालवणारा, बुद्धीने जिंकणारा एक तरी नायक हवा, तो हिरावून घेऊ नये. त्या दिवसांत पीटर डेव्हिसननेही जाहीरपणे अशीच शंका बोलून दाखवली होती आणि कॉलिन बेकरने ती खोडून काढली होती. डेव्हिसनने ती मनापासून मांडली असेल. माझ्या बाबतीत मात्र मत आधी ठरलं होतं आणि कारण नंतर सापडलं. मालिकेचे एक जनक सिडनी न्यूमन यांनी 1986 मध्येच बीबीसीला पत्र लिहून डॉक्टरला पुढेमागे स्त्री करावं असं सुचवलं होतं. 1999 मध्ये मदतनिधीसाठी केलेल्या एका प्रहसनात जोआना लमली काही क्षण डॉक्टर झाली होती. 2014 पासून मिशेल गोमेझ डॉक्टरच्या जुन्या वैऱ्याची, मास्टरची, भूमिका करत होती आणि ती मला अतिशय आवडायची. हे सगळं ठाऊक असूनही मला धक्का बसला. मुलीने विचारलं, "आई, 'टॅलन्स ऑफ वेंग-चियांग' तुला आवडते ना? त्यात गोरा नट डोळ्यांना रंगरंगोटी करून चिनी माणूस झालाय. तेव्हा तुला काहीच कसं खटकलं नाही?" ती 1977 ची कथा. ती त्या काळची पद्धत होती, असं म्हणून मी वेळ मारून नेली. गोऱ्या माणसाने चिनी व्हावं हे मला चालत होतं, आणि परग्रहावरच्या, शरीर बदलणाऱ्या प्राण्याने बाई व्हावं हे मात्र खपत नव्हतं. त्या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

11 नोव्हेंबर 2018 ला 'डीमन्स ऑफ द पंजाब' लागला. लेखक विनय पटेल. डॉक्टरची सोबतीण यास्मिन खान आपल्या नानीचं तरुणपण पाहायला 1947 च्या ऑगस्टमध्ये जाते. नानी मुसलमान, तिचा नवरा होणारा प्रेम हिंदू, आणि सीमारेषा त्यांच्या शेतातून जाते. लग्न लावते डॉक्टर. प्रेमचा धाकटा भाऊच दंगेखोरांना घेऊन येतो. डॉक्टरला ठाऊक आहे की प्रेम मरणार, आणि हे मरण थोपवलं तर यास्मिन जन्मालाच येणार नाही. सगळे पाठ फिरवून निघतात, मागे गोळीचा आवाज येतो, आणि व्हिटेकरच्या चेहऱ्यावर एक शब्दही न बोलता सगळं दिसतं. मी कल्याणची. शेजारचं उल्हासनगर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभं राहिलेलं. आमच्या ओळखीच्या घरांतून घर सोडून आलेल्या बायकांचं बोलणं मी लहानपणी ऐकलं होतं, आणि इंग्लंडमधल्या कुठल्याही कार्यक्रमात ते ऐकू येईल असं कधी वाटलं नव्हतं. मी रडले. व्हिटेकर या मालिकेला शोभते का, हा प्रश्न त्या संध्याकाळी माझ्यापुरता मिटला.

आता माझी दुसऱ्या टोकाची चूक. मत बदलल्यावर मी व्हिटेकरच्या काळातल्या प्रत्येक गोष्टीची वकिली करू लागले. तिच्यावर टीका करणारा प्रत्येकजण मला बाईचा द्वेष करणारा वाटू लागला, आणि काहीजण तसे होतेही. पण जानेवारी 2020 मध्ये 'स्पायफॉल' लागला. मास्टरच्या भूमिकेत सचा धवन, भारतीय वंशाचा नट. कथेत तो 1943 च्या पॅरिसमध्ये नाझी गणवेशात वावरतो, आणि समोरच्यांना त्याचा खरा चेहरा दिसू नये असं यंत्र त्याच्याजवळ आहे. डॉक्टर ते यंत्र निकामी करते आणि काळ्या-सावळ्या माणसाला नाझींच्या हाती सोपवते. मुलगी म्हणाली, "हे बरोबर नाही आई." मी म्हणाले, "अगं, तो खलनायक आहे." मुलगी बरोबर होती. दया हा ज्या नायकाचा गाभा, त्याच्या हातून असलं काही घडणं हा लेखनाचा गंभीर दोष आहे, आणि नटीला वाचवायच्या भरात मी लेखनालाही पाठीशी घातलं. आधी लेखनाचं पाप नटाच्या माथी मारलं होतं; आता नटीच्या प्रेमापोटी लेखनाला माफी दिली. दोन्ही वेळा दोघांना वेगळं पाहणं मला जमलं नाही.

हा भाग लिहिणारे क्रिस चिबनल तेव्हा मालिकेचे प्रमुख होते. 1986 मध्ये ते 16 वर्षांचे असताना बीबीसीच्याच एका कार्यक्रमात येऊन मालिकेच्या लेखकांना त्यांच्या तोंडावर म्हणाले होते की हे ठोकळेबाज आहे, त्यात नवीन काही नाही. पुढे ती चित्रफीत दाखवून लोकांनी त्यांना पुष्कळ टोचलं. मला मात्र त्या मुलाचं कौतुक वाटतं. कॉलिन बेकरला नावं ठेवणं सोपं होतं त्या काळात त्याने बोट ठेवलं ते लिखाणावर.

आणखी एक चूक मी शेवटी सांगते आहे, कारण ती मला अजून सलते. मॅट स्मिथच्या वेळी मुलगी अगदी लहान होती. तिने विचारलं होतं, "आई, आपल्यासारखं कुणी डॉक्टर होऊ शकतं?" मी म्हणाले, "ती यांची गोष्ट आहे, आपण पाहायची." सांत्वन म्हणून म्हणाले, शहाणपण म्हणून म्हणाले.

आणि ते खोटं होतं. 2013 मध्ये मालिकेच्या जन्मावर 'ॲन ॲडव्हेंचर इन स्पेस अँड टाइम' नावाचा टीव्ही-चित्रपट निघाला, त्यातून मला कळलं की 1963 ची पहिली चार भागांची कथा वारिस हुसेन यांनी दिग्दर्शित केली होती. 1938 साली लखनौत जन्मलेला, पंचविशीही न गाठलेला तरुण. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट 27 वर्षांची, बीबीसीच्या नाट्यविभागातली तेव्हाची एकमेव महिला निर्माती. सिडनी न्यूमन कॅनडाचे. शीर्षकसंगीताची चाल ऑस्ट्रेलियातून आलेल्या रॉन ग्रेनर यांची, आणि तिला तो अंगावर काटा आणणारा ध्वनी दिला डेलिया डर्बीशायर या बाईने. ज्यांना बीबीसीच्या इमारतीत कुणी सहजी जागा देत नव्हतं, अशांनी ही मालिका उभी केली. ती आपलीही गोष्ट होती, पहिल्या शनिवारपासून. त्या 2013 च्या चित्रपटात हुसेन यांची भूमिका केली होती सचा धवननेच. 2025 मध्ये केरळात जन्मलेली वरदा सेथू मालिकेत लंडनमधली नर्स बेलिंडा चंद्रा म्हणून आली, तेव्हा मुलगी मोठी होऊन दुसऱ्या गावी राहत होती. मी तिला फोन केला आणि लहानपणी दिलेलं उत्तर मागे घेतलं. ती म्हणाली, तिला ते आठवतं.

31 मे 2025 ला न्शूटी गाटवाचा डॉक्टर गेला आणि कायापालटाच्या शेवटी दिसला नटी बिली पायपरचा चेहरा. त्याच रात्री लोकांनी निकाल दिले. गाटवाच्या काळातल्या कथांबद्दल माझ्या तक्रारी आहेत: काही घाईत संपल्या, शेवटच्या कथेत बेलिंडाच्या वाट्याला जे आलं ते तिच्यावर अन्याय करणारं होतं. या तक्रारी मी लेखकांच्या नावावर मांडते. गाटवाने त्याला दिलेलं काम जीव ओतून केलं.

ही मालिका तुम्ही कधीच पाहिली नसेल तर 'डीमन्स ऑफ द पंजाब'पासून सुरुवात करा. आधीचं काहीही माहीत असण्याची गरज नाही. शक्य असेल तर घरातल्या थोरांना शेजारी बसवा, आणि नटांबद्दलची मतं त्यानंतर बनवा.